पंख हलवा, पुढे या

[दृश्य : रेल्वेच्या रुळांवरून एका रांगेत येणारी छोटी विमानं]

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं फिस्क म्हणजे थोडी घरं, शेतं आणि मधून गेलेले रूळ. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र इथे काही माणसं खुर्च्या टाकून, डोळ्यांना दुर्बिणी लावून आभाळाकडे बघत बसलेली दिसतात. अंगात गुलाबी शर्ट. हे सगळे सरकारी हवाई वाहतूक नियंत्रक.

पलीकडे ओशकोशला विमानांची जत्रा भरली आहे. आठवडाभरात सुमारे 10 हजार विमानं या परिसरात उतरतात. सगळेच रेडिओवर बोलायला लागले तर कुणालाच काही ऐकू येणार नाही, म्हणून पायलटने इथे गप्प राहायचं. नियंत्रक रंग बघून हाक मारतो. ‘निळ्या पट्ट्यावाला, पंख हलव.’ विमान डावीकडे डोलतं, उजवीकडे डोलतं. ‘मस्त. जा पुढे.’ ओशकोशच्या धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके रंगवलेले असतात. ज्याला जो ठिपका सांगितला, त्याने त्यावरच चाकं टेकवायची.

2013 साली सरकारी खर्चात सरसकट कपात झाली आणि जत्रेच्या आयोजकांपुढे नागरी विमान वाहतूक खात्याचं, म्हणजे एफएएचं, बिल आलं. नियंत्रकांना इथे आणायचं-ठेवायचं, तर सुमारे साडेचार लाख डॉलर भरा. ‘ईएए’ या आयोजक संघटनेने निषेध नोंदवून पैसे भरले आणि कोर्टाची पायरी चढली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. पण गुलाबी शर्टवाल्यांचंही बिल येऊ शकतं, हे हौशी पायलटांना तेव्हा कळलं.

[दृश्य : कंट्रोल टॉवर. प्लास्टिकच्या पट्टीत खोचलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या]

5 जून 2017. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केलं की हवाई वाहतूक नियंत्रण एफएएकडून काढून एका वेगळ्या संस्थेकडे द्यायचं. संसदेत विधेयक आणलं खासदार बिल शुस्टर यांनी. ही संस्था नफा कमावणारी नसेल, म्हणून ‘खासगीकरण’ हा शब्दच नको, असं समर्थकांचं म्हणणं होतं.

त्यांची बाजू लंगडी नव्हती. टॉवरमधला नियंत्रक आजही अनेक ठिकाणी विमानाचा नंबर छापलेली कागदाची चिठ्ठी हाताने पुढे सरकवतो. बजेट दरवर्षी संसदेत अडकतं. शेजारच्या कॅनडाने 1996 मध्येच ही सेवा दीड अब्ज कॅनेडियन डॉलरला ‘नॅव्ह कॅनडा’ या ना-नफा कंपनीला विकली आणि तिथलं आभाळ काही कोसळलं नाही. खुद्द नियंत्रकांच्या युनियननेही या विधेयकाला पाठिंबा दिला होता.

मग हौशी पायलट इतके का बिथरले?

[दृश्य : छोटं विमानतळ, सेल्फ-सर्व्हिस पेट्रोल पंप]

हौशी पायलट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी गडगंज माणूस येतो. इथे भेटतो तो बहुतेकदा चौघांत मिळून घेतलेल्या जुन्या सेस्नाचा, म्हणजे एका छोट्या विमानाचा, चौथा मालक. विमानाच्या पेट्रोलवर तो गॅलनमागे 19.3 सेंट केंद्रीय कर भरतो. मोठ्या कंपन्यांच्या तिकिटांवरच्या करापुढे ही रक्कम चिल्लरच, हेही मान्य करायला हवं. पण एकदा ते पैसे पंपावर दिले की नियंत्रकाशी बोलण्याचं वेगळं बिल नाही. हवामान विचारा, मदत मागा, मीटर पडत नाही.

नवी संस्था विमानवाल्यांकडून शुल्क घेऊन चालणार होती. छोट्या विमानांना ते लागणार नाही, असं विधेयकात स्पष्ट लिहिलं होतं. त्यावर पायलटांचा विश्वास बसेना. संचालक मंडळ 13 जणांचं आणि हौशी विमानवाल्यांच्या वाट्याला एक खुर्ची. अमेरिकेत सर्वांसाठी खुले विमानतळ सुमारे 5 हजार. प्रवासी कंपन्या त्यांतल्या जेमतेम 500 ठिकाणी जातात. बाकीच्यांचं काय होणार, हे समजायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. तोट्यातली फेरी म्हटल्यावर आधी कुठल्या गावची एसटी बंद होते, ते आपण पाहिलंय.

शिवाय त्यांना एक जुना अनुभव होता. उड्डाणापूर्वी फोनवर हवामान सांगणारी ‘फ्लाइट सर्व्हिस’ 2005 साली एका संरक्षण कंपनीला कंत्राटावर दिली गेली. तोवर 58 केंद्रं होती. पलीकडचा माणूस त्याच भागातला. कुठल्या खोऱ्यात धुकं रेंगाळतं, हे त्याला नकाशा न बघता ठाऊक असायचं. केंद्रं एकत्र करायला घेतली आणि 2007 मध्ये गोंधळ उडाला. फोन धरून ताटकळणं, मध्येच कट होणं, नोंदवलेला फ्लाइट प्लॅन गायब होणं. पुढे कारभार सुधारला. आता तर बरेच जण फोनच करत नाहीत, आयपॅडवर ढग बघतात. पण तो उन्हाळा कुणी विसरलेलं नाही.

खरी धास्ती मला इथे दिसते. प्रश्न विचारायला पैसे पडू लागले तर माणूस विचारणं टाळतो. समोर ढग दाटलेत, आवाज द्यावा का? जाऊ दे, निघेन कसातरी. डॉक्टरची फी वाचवायला दुखणं अंगावर काढतात ना, तसंच. फक्त इथे माणूस तीन हजार फुटांवर असतो.

‘एओपीए’ (विमानमालक आणि पायलटांची संघटना), ‘ईएए’सारख्या संघटनांनी खासदारांकडे पत्रांचा मारा केला. हडसन नदीत विमान उतरवणारे कॅप्टन सलेनबर्गरही विरोधात जाहिरातीत बोलले. फेब्रुवारी 2018 मध्ये शुस्टर यांनी माघार घेतली.

विषय मिटलेला नाही. 2025 च्या शटडाऊनमध्ये, म्हणजे बजेट अडकून सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा, नियंत्रक पगाराविना टॉवरमध्ये बसले, 40 मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली आणि ‘सरकारच्या हातून हे काढून घ्या’ हे बोलणं पुन्हा सुरू झालं. त्या दिवसांत हौशी पायलटांकडेही फारसं उत्तर नव्हतं.

[दृश्य : कॉकपिट, संध्याकाळ. रेडिओची खरखर]

सेस्नातला पायलट बटण दाबतो. जागा सांगतो, उंची सांगतो, रडारवर लक्ष ठेवाल का, विचारतो. नियमाप्रमाणे नियंत्रकाला हातातलं काम सांभाळून जमलं तरच हो म्हणायचं असतं. ‘जमणार नाही’ असंही ऐकायला मिळतं.

थोडा वेळ नुसती खरखर. मग चार आकडे ऐकू येतात. पायलट ते मांडीवरच्या पॅडवर लिहितो, परत वाचून दाखवतो आणि रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, ट्रान्सपॉन्डरवर, एकेक आकडा लावू लागतो.