शिकागोच्या झोपडीतला नटक्रॅकर

१८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’ हा बॅले पहिल्यांदा रंगमंचावर आला, तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली. रंगमंचावर मुलांचीच गर्दी, मुख्य नर्तिका येते ती खेळ संपता संपता, आणि दुसऱ्या अंकात कथा म्हणून काही उरतच नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पुढे हाच बॅले अमेरिकेत नाताळचा नेम होऊन बसला, तरी तिसरी तक्रार खरे तर कधीच मिटली नाही.

त्याच हिवाळ्यात, शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठी, १८९३च्या जागतिक प्रदर्शनासाठी हजारो मजूर पांढऱ्या इमारतींचे एक आख्खे नगर उभारत होते. (याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेसाठी स्वामी विवेकानंद पुढे मे १८९३मध्ये मुंबईहून बोटीने निघाले.) नृत्यदिग्दर्शक ख्रिस्तोफर व्हीलडन यांनी या दोन घटनांची सांगड घातली आणि डिसेंबर २०१६मध्ये जॉफ्री बॅले या नृत्यसंस्थेसाठी शिकागोच्या ऑडिटोरियम थिएटरमध्ये नवा ‘नटक्रॅकर’ उभा केला.

मूळ बॅलेतले सुखवस्तू घर, उंची फर्निचर आणि नटूनथटून आलेले पाहुणे इथे नाहीत. इथली नायिका, छोटी मारी, आई आणि धाकट्या भावासोबत प्रदर्शनाच्या बांधकामावरच्या झोपडीत राहते. आई पोलंडहून आलेली शिल्पकार आहे आणि प्रदर्शनासाठी सोनेरी पुतळा घडवते आहे. त्या काळी बाईच्या हाती असे काम कुठले, अशी शंका येईल. पण प्रदर्शनाची घाई इतकी होती की लोराडो टाफ्ट या शिल्पकाराने खरोखरच स्त्री-शिल्पकारांना मदतीला घेतले होते, आणि ‘पांढरे ससे’ हे त्यांचे टोपणनाव इतिहासात राहिले आहे.

नाताळच्या आदल्या रात्री मजूर जमतात, नाचतात, आणि प्रदर्शनाचा सूत्रधार मारीच्या हाती लाकडी नटक्रॅकर ठेवतो. आपल्या सुपारीच्या अडकित्त्याशी याचे नाते कामापुरतेच आहे: हा शिपायाच्या वेषातला बाहुला, पाठीमागची दांडी उचलली की जबडा उघडतो, आणि दाबली की अक्रोड त्याच्या दातांत फुटतो. मध्यरात्री उंदरांची फौज येते. मोठ्या दिवाणखान्यात उंदीर ही गंमत असते. फळ्यांच्या झोपडीत ते रोजचेच, त्यामुळे ही लढाई प्रथमच खरी वाटते.

या मांडणीचे खरे यश मात्र दुसऱ्या अंकात आहे. एरवी लढाईनंतर नायिका ज्या मिठाईच्या राज्यात पोहोचते, तिथे स्पॅनिश, अरबी, चिनी नाच एकामागून एक का येतात, याचे उत्तर कोणी देत नाही. नायिका एका बाजूला बसून ते नुसते पाहते. जागतिक प्रदर्शनात मात्र देशोदेशीचे तंबू असणारच आणि मुलगी ते पाहत हिंडणारच. रशियन नाचाच्या जागी येतो बफेलो बिल, काउबॉयचे खेळ करणारा त्या काळचा अमेरिकन तमासगीर. प्रत्यक्षात त्याला प्रदर्शनात जागा मिळाली नव्हती, म्हणून त्याने कुंपणाबाहेर आपला खेळ लावला होता. बॅलेने त्याला आत घेतले, हे बरेच झाले. ‘परदेशी’ नाचांतला जुना साचेबद्धपणा मात्र इथेही पुरता सुटलेला नाही, आणि झगमगाटाच्या मागची दुसरी बाजूही रंगमंचावर येत नाही: कृष्णवर्णीयांना या प्रदर्शनापासून दूर का ठेवले, असा सवाल करणारी पुस्तिका आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस या कृष्णवर्णीय नेत्यांनी १८९३मध्येच वाटली होती.

शेवटच्या युगलनृत्यात मूळ बॅलेतली मुख्य नर्तिका, शर्करापरी, नाही. आईने घडवलेला पुतळाच जिवंत होऊन प्रदर्शनाची राणी म्हणून येतो, आणि ती भूमिका आईचे काम करणारी नर्तिकाच करते. चेलो या व्हायोलिनच्या मोठ्या भावंडावर सुरू होणारी इथली धून म्हणजे निव्वळ एक अवरोह आहे: सां, नि, ध, प, म, ग, रे, सा, सगळे शुद्ध स्वर, वरून खाली, पायरी पायरीने. कोणत्याही गायनवर्गात पहिल्याच दिवशी घोटून घेतात, तेवढेच. त्या आठ सुरांवर राणी सूत्रधाराच्या हातांवर तोलून वर उचलली जाते, आणि दिवसभर मातीत हात बरबटलेल्या आपल्या आईला मारी पहिल्यांदाच असे सोन्याने झळाळताना पाहते.