अँटेना कुठे आहे?

माझ्या भाचीने मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. कॅबिनेट, मदरबोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), एकेक वस्तू पैसे साठवून घेतलेली. मदरबोर्ड मात्र वायफाय नसलेला, तो हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो म्हणून. राउटर बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटर आतल्या. मग तिने वायफाय कार्ड आणून लावलं, आणि चार दिवसांनी मला फोन, "मामा, कार्ड खराब निघालं. मोबाइलवर नेट पळतंय, इथे रडतंय."

मी गेलो. कार्ड उत्तम होतं. कॅबिनेट टेबलाखाली, पाठ भिंतीला टेकलेली, शेजारी लोखंडी कपाट. कार्डाच्या दोन्ही अँटेना मागच्या बाजूला, म्हणजे पत्र्याचा डबा आणि भिंत यांच्यातल्या चार बोटांच्या फटीत! रेडिओलहरी पत्र्यातून आरपार जात नाहीत हो. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, 5 गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. विटांच्या भिंतीतून पहिली बऱ्यापैकी जाते, दुसरी दमते. लोखंडापुढे दोघींचंही काही चालत नाही.

आम्ही लोहचुंबकाच्या बुडाची, मीटरभर वायरची अँटेना आणली. जुन्या अँटेना पिळून काढल्या, नवीच्या वायरी त्याच पितळी आट्यांवर बोटांनीच घट्ट केल्या (पक्कड लावू नका, आटे जातात) आणि ती टेबलावर, राउटरच्या दिशेला ठेवली. लिनक्सवर सिग्नलचा आकडा दिसतो. तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल दणकट. तो उणे 78 होता, उणे 58 झाला. वीसचा फरक छोटा वाटतो, पण हे डेसिबलचं गणित आहे. वीस डेसिबल म्हणजे शंभर पट शक्ती. कार्ड तेच, राउटर तोच. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, कार्डाच्या खोक्यावरचा वेगाचा आकडा नंतर वाचा, आधी घरात अँटेना कुठे राहणार ते ठरवा.

कार्डाऐवजी यूएसबी डोंगल, म्हणजे थेट यूएसबी पोर्टात खोचायचं छोटं वायफाय, घेणाऱ्यांना तर हे जास्तच लागू. नखाएवढा डोंगल मागच्या निळ्या यूएसबी 3 पोर्टात खोचतात आणि शेजारी हार्ड डिस्क लावतात. यूएसबी 3 च्या वायरीतून आणि जोडांतून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने 2012 साली हे मोजून दाखवलं होतं. डिस्कवर फाइल कॉपी होत असताना नेट अडखळतं ते यामुळे. उपाय साधा आहे. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल कॅबिनेटपासून लांब, उंचावर आणा.

कार्ड घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. मदरबोर्डवर वायफायसाठी एम डॉट टू (M.2) नावाची छोटी खाच, म्हणजे स्लॉट, असेल, तर त्यात 22 बाय 30 मिलिमीटरचं चिमुकलं कार्ड बसतं. इंटेलचं एएक्स 210 आणि एएक्स 211 शेजारी ठेवली तर ओळखू येत नाहीत. पण 211 मध्ये वायफायचं बरंचसं काम मदरबोर्डवरच्या इंटेलच्याच चिपसेटवर सोपवलेलं असतं, त्यामुळे ते इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर चालतच नाही. 210 दोन्हीकडे चालतं. एका अंकाने पैसे वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि वाईट वाटतं, कारण ते पैसे त्यांनी खाऊचे साठवलेले असतात.

ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर नव्याने टाकलेल्या विंडोजला कार्ड ओळखता आलं नाही की नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट, असा पेच पडतो. मोबाइल यूएसबी वायरने जोडा, टेदरिंग (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला देणं) सुरू करा, पेच सुटला.

आणि ब्लूटूथ. "वायफाय चालतंय पण ब्लूटूथ दिसतच नाही," ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. भाचीच्या कार्डासारखं मोठं कार्ड मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस नावाच्या स्लॉटात बसतं, वायफायची माहिती तिथूनच जाते. ब्लूटूथ मात्र यूएसबीवर चालतं, आणि त्यासाठी कार्डापासून मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या यूएसबी जोडापर्यंत वेगळी वायर न्यावी लागते. भाचीचंही तेच झालं होतं. ती वायर खोक्यात, पुठ्ठ्याच्या खाली, पिशवीसुद्धा न उघडलेली अशी सापडली.