वारस कोण? पेन्शनच्या कागदांतून शिपायाच्या घरापर्यंत

नमस्कार. आधीच एक कबुली देतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरीची बरीच वर्षं पेन्शनच्या टेबलावर गेली, त्यामुळे कागद चाळण्याची सवय लागली. निवृत्तीनंतर ती सुटेना, म्हणून लोकांचे पणजोबा शोधून देतो.

माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा पदक घेऊन येतो. पहिल्या महायुद्धातलं पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्यावरून तो शिपाई होता हे कळतं. पण त्याचं लग्न झालं होतं का, मुलं किती, तो गेल्यावर घर कोणी चालवलं, यातलं काहीच पदकावर नसतं. मग मी विचारतो, पेन्शन कोणाला मिळायची? बरेचदा समोरचा गप्प होतो आणि थोड्या वेळाने म्हणतो, "आजीला काहीतरी यायचं बुवा, महिन्याला."

तिथून सुरुवात करायची. रणांगणाकडून नाही, पैसे घेणाऱ्या माणसाकडून. सरकारला तुमच्या घराण्याचं कौतुक नसतं. पैसा भलत्याच्या हातात जाऊ नये एवढीच त्याची काळजी. म्हणून ते विचारतं, तू कोण, मेलेल्याची कोण, अजून जिवंत आहेस का, पुन्हा लग्न केलंस का. प्रत्येक उत्तराचा कागद होतो. शंका जितकी जास्त, तितकी फाइल जाड. सरळ संसार करून शांतपणे गेलेल्या सुभेदाराची फाइल चार पानांची निघते, आणि दोन दाव्यांची भांडणं झालेल्या साध्या शिपायाची वीतभर. आमच्या कचेरीत अशा फायलींना सगळे वैतागायचे. आता मला त्याच हव्या असतात.

भरती होताना शिपायाची माहिती लिहून घेतात. नाव, बापाचं नाव, जात, उंची, शरीरावरच्या खुणा. उजव्या गुडघ्यावर व्रण, डाव्या गालावर तीळ. फोटो नसलेल्या माणसाचा चेहरा मी अनेकदा असाच पाहिला आहे. नातेवाइकांच्या तक्त्याला फौजेत किंड्रेड रोल म्हणतात. आई, वडील, बायको, मुलं आणि जवळचा वारस कोण, ते त्यात येतं. पुढे लग्न झालं, मूल झालं, कोणी वारलं, की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे अशा बदलांचा फौजेतला लेखी आदेश, निघते आणि ती नोंद चढते. सुट्टीवरून परत आलेल्या जवानाने मुलाचा जन्म कळवायला आळस केला, तर पुढे वीस वर्षांनी त्या मुलाला आपण मुलगा आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं.

पत्त्याच्या रकान्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा असतो, आणि त्यापुढे जवळचं रेल्वे स्टेशन. या शेवटच्या रकान्याने माझी चांगली जिरवली आहे. एका शिपायाचा तालुका लिहिला होता खेड. मी सरळ पुणे जिल्ह्यातलं खेड धरलं, म्हणजे आजचं राजगुरुनगर. दोन महिने तिथल्या गावांत विचारत हिंडलो. पोलीस पाटलांना भेटलो, मंदिरात बसलो, चहा प्यालो. शेवटी कंटाळून कागद पुन्हा उघडला, तर रेल्वे स्टेशनच्या रकान्यात लिहिलं होतं कऱ्हाड. पुण्याच्या खेडचा माणूस कऱ्हाडला उतरून कशाला जाईल? हे रत्नागिरीचं खेड. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, घाट चढून वर यायचं. कागद पहिल्या दिवसापासून सांगत होता. मीच वाचला नव्हता.

जिल्ह्यांच्या नावांचंही तसंच. जुन्या कागदावर 'वाळवा, जिल्हा सातारा' दिसलं तर आजच्या साताऱ्यात शोधू नका. वाळवा, तासगाव हे भाग तेव्हा साताऱ्यात होते. त्यांचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. मालवण, वेंगुर्ले १९८१ पर्यंत रत्नागिरीत. कुलाबा म्हणजे आजचं रायगड. आणि गाव औंध, भोर, सावंतवाडी अशा संस्थानातलं असेल, तर महसुली दप्तर वेगळ्याच वाटेने आलेलं असतं.

आता नावं. इथे आपल्या रीतीने मोठा घोळ करून ठेवला आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायचं. माहेरची कृष्णा, सासरची लक्ष्मी. नवऱ्याने फौजेत एक लिहिलं, तलाठ्याने दुसरं आणि निवडणुकीच्या यादीत तिसरं आलं. टेबलावर बसलेल्या कारकुनाला ह्या तीन बायका दिसतात. मग प्रतिज्ञापत्र, पंचांचे जबाब, पाटलाचा दाखला. पण घराणं शोधणाऱ्यासाठी हे घबाड आहे. त्या जबाबात तिचं माहेरचं गाव येतं, भावाचं नाव येतं, लग्न कोणत्या साली झालं ते येतं. सात-बाऱ्यावर यातलं काहीही सापडणार नाही.

एक फाइल मला विसरता येत नाही. एक तरुण आला होता. आजोबांचा थोरला भाऊ १९६५ च्या लढाईत गेला, त्याची माहिती हवी होती. घरात त्याचा फोटो होता, पण कोणी बोलत नसे. आजीबरोबर तो लहानपणी दर महिन्याला पेन्शन आणायला जायचा. ती अंगठा उठवायची आणि नोटा दोनदा मोजायची. त्याला वाटायचं, म्हातारपणाची पेन्शन असेल. कागद पाहिले तर ते विशेष कुटुंब निवृत्तिवेतन होतं, म्हणजे फौजेच्या नोकरीपायी मेलेल्याच्या घरच्यांना मिळणारं, आणि आजी होती त्या थोरल्या भावाची विधवा. नंतर तिने धाकट्या दिराशी पाट लावला होता. एरवी विधवेने पुन्हा लग्न केलं की हक्कावर गदा यायची. पण नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न करून ती त्याच घरात राहिली, बाकीच्या वारसांना सांभाळलं, तर लष्कराच्या पेन्शन नियमांत तिला सवलत होती. ती ह्या घरातच राहते असा दाखला फाइलमध्ये होता. पोरगा बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझे मोठे काका..." मी म्हटलं, "जन्मतारीख पाहा, आणि लढाईची तारीख पाहा." पुढचं त्याच्या घरातलं आहे.

हे सगळ्यांना सापडेल असं मात्र नाही. शिपायाला पेन्शन मिळायला साधारण १५ वर्षं नोकरी लागते. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन लढाई संपल्यावर घरी आलेल्या हजारोंना ती मिळालीच नाही. अशांचे कागद ठरावीक मुदतीनंतर, म्हणजे २५ वर्षांनी, नष्ट करतात. लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्या सगळ्यांची नोंदवही, मात्र कायम ठेवतात, त्यात निदान नाव, नंबर सापडतो. पेन्शनर घरी नैसर्गिकपणे वारला तर विधवेला साधी कुटुंब पेन्शन मिळू लागली ती १९६४ पासूनच्या योजनेत. त्याआधीचा माग पेन्शनरच्या मृत्यूबरोबर तुटतो. मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं. त्यामुळे पेन्शन नसली तरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज सापडू शकतो. तिथे जरूर विचारा.

मूळ कागद पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचं, पुण्यात खडकीला. पत्रात नंबर नसेल तर फारसा उपयोग होत नाही. नुसतं 'माझे पणजोबा मोरे' लिहिलं, तर तिथल्या माणसाने काय करावं? मोरे किती असतील!

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिची यादी पाहा. भारतीय शिपायाच्या नावापुढे बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, म्हणून एकाच आडनावाची चार-पाच रूपं करून शोधा. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, शिपायांची गंमत, खरं तर गंमत नाही, अशी की बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत. गोऱ्यांची कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरली आणि आपल्या शिपायांचा नुसता आकडा. नावं नोंदवहीत राहिली. तिथल्याच कूत गावाच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, १९१६ च्या एप्रिलमध्ये शरणागती झाली, आणि कैदेतून किती जण परतले नाहीत ते घरच्यांना कळायला वर्षं लागली. ते मेलेत असं ठरेपर्यंत विधवेला विधवा म्हणून पैसे कसे मिळणार? अशा फाइलमध्ये 'बेपत्ता' ह्या शब्दापासून पुढची प्रत्येक तारीख उतरवून घ्या.

आपल्याकडे कोकणात, साताऱ्यात कित्येक गावांत दगडी पाटी आहे. ह्या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. पाटीवर आकडा असतो, नाव नसतं. तो आकडा लिहून घ्या, आणि शोधलेली नावं त्याच्याशी ताडून बघा. एक-दोन कमी पडतातच.

बरं, तुमच्यापैकी काहींनी पिशव्या आणल्यात, मी बघतोय. पेन्शनबुक, डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं पुस्तक, असेल तर ह्या टेबलावर आणा. पानं ओली करून उलटू नका. आणि ज्यांनी लॅमिनेशन करून घेतलंय त्यांनी तेही आणा, रागावणार नाही. फक्त मागची बाजू आधी दाखवा, अंगठे तिकडेच असतात.