मसुराच्या रानातलं पिलू

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावकडच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भात निघालं की मसूर पडतो. काढणीच्या वेळी विळा चालता चालता थांबतो. पुढं मुठीएवढं सशाचं पिलू बसलेलं असतं. डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटलेले, अंगावर केस. हात लावला तरी हलत नाही. ‘आई टाकून गेली बिचाऱ्याला’ म्हणत कुणीतरी ते टोपलीत घालून घरी आणतं. पोरं खूश! गाईचं दूध पाजलं जातं, आणि बहुतेक वेळा पिलू जगत नाही.

आई टाकून गेलेली नसते, मंडळी. आपला रानससा बीळ खणत नाही, गवतातल्या उथळ खळग्यात बसतो. म्हणून पिलं जन्मतःच डोळे उघडे ठेवून, अंगभर केस घेऊन येतात. बाजारातला पांढरा ससा मूळचा युरोपातला, निराळ्या जातीचा. त्याची पिलं बिळात जन्मतात, आंधळी नि बिनकेसांची. रानसशाची मादी दिवसा पिलांपासून लांबच राहते. जवळ बसली तर तिच्या वासावर कोल्हं-कुत्रं यायचं! अंधार पडल्यावर येते, पाजते, निघून जाते. पिलाचं न हलणं हाच त्याचा बचाव.

हाच बचाव उसाच्या फडात जिवावर बेततो. पाला पेटवला की मोठा ससा पळतो, पिलू मात्र दबून बसतं. पाला न जाळता सरीत कुजवला तर जमिनीचंही भलं होतं. तरी पेटवणारच असाल, तर निदान चारी बाजूंनी पेटवू नका.

मानेवरच्या काळ्या पट्ट्यावरून ओळखला जाणारा हा ससा देशभर आढळतो, जगाच्या यादीतही तो धोक्यात नाही. म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. पण माळ, गायरानं प्लॉटांखाली गेली, तिथला ससाही गेला. रात्री गाडीवरून बॅटरी मारून, वाघर म्हणजे जाळं लावून शिकार करणारे आहेतच. त्यात मर्दुमकी कसली, मला कळत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ही शिकार गुन्हा आहे. पिलू घरी पाळणंसुद्धा.

आणलंच असेल, तर त्याच दिवशी, जिथून उचललं तिथल्याच बांधाच्या गवतात ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई पिलाला टाकत नाही. जखमी असेल तर फॉरेस्टवाल्यांना कळवा. आणि तेवढी रात्र आपलं कुत्रं बांधून ठेवा.