घरच्या स्टुडिओसाठी परवडणारा ड्रम किट: आधी स्नेअर ऐका, मग डाउनलोड करा

[ऑडिओ: स्नेअरचे सोळा सलग ठोके, सगळे एकाच ताकदीचे]

ऐकलंत? स्नेअरचे, म्हणजे खाली तारा लावलेल्या ड्रमचे, सोळा ठोके, आणि सोळाच्या सोळा तंतोतंत सारखे. अशा ठोक्यांना मशीनगन म्हणतात. आता हे ऐका.

[ऑडिओ: तेच सोळा ठोके, दुसऱ्या किटवर]

हाही प्लगइनच आहे, म्हणजे संगणकावर ड्रम वाजवणारं सॉफ्टवेअर, माणूस वाजवत नाहीये. मिडी नोट्स, म्हणजे कोणता ठोका कधी वाजवायचा याच्या सूचना, त्याच. वेलॉसिटी, म्हणजे ठोक्याची ताकद, तीच. पण इथे प्रत्येक ठोका किंचित वेगळा आहे. आणि हा दुसरा किट पूर्ण मोफत आहे.

नमस्कार. घरी बसून संगीत करणाऱ्यांना खऱ्या ड्रमचा आवाज हवा असतो, पण ड्रम सेट ठेवायला जागा नसते आणि डझनभर माइक लावायची सोयही नसते. मग आपण सॅम्पल केलेले किट शोधायला लागतो. शोधताना नजर जाते ती दोन आकड्यांवर: किती जीबी आणि किती किट. माझं ठाम मत आहे की हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. ज्याचा स्नेअर आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) जिवंत आहे असा एक किट, निर्जीव पन्नास किटपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा. तो जिवंत आहे की नाही हे स्वतः कसं ओळखायचं, मुख्यतः तेच आज दाखवणार आहे. नावंही सांगतो, पण आधी कान तयार करू.

सॅम्पल किट म्हणजे नेमकं काय? स्टुडिओत ड्रमर बसतो आणि एकच स्नेअर अगदी हळू, थोडा जोरात, आणखी जोरात, असा वाजवत जातो. या ताकदीच्या पायऱ्या म्हणजे वेलॉसिटी लेअर. मग प्रत्येक पायरीवर तो तोच ठोका तीन-चार वेळा वाजवतो, कारण माणसाच्या हातून दोन ठोके कधीच हुबेहूब सारखे पडत नाहीत. या पर्यायांना राउंड रॉबिन म्हणतात. प्लगइन ते आळीपाळीने वाजवतो, म्हणून मशीनगन होत नाही. शिवाय माइक किती, हा तिसरा भाग. किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) वेगळा, स्नेअरला वर आणि खाली, डोक्यावर ओव्हरहेड, लांब खोलीत रूम माइक.

आता जीबी का वाढतात ते बघा. एक क्रॅश झांज दहा सेकंद घुमते असं धरू. रेकॉर्डिंग 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, आणि माइक 13. एका ठोक्याचे साधारण 17 एमबी होतात. ताकदीच्या पाच पायऱ्या आणि प्रत्येकीचे चार पर्याय, म्हणजे वीस ठोके. झाले जवळजवळ 344 एमबी, आणि ही फक्त एक झांज! झांजा किती महाग पडतात याचा एक सुंदर पुरावा इतिहासात आहे. रॉजर लिन यांनी 1980 मध्ये आणलेलं एलएम-1 हे खऱ्या ड्रमची डिजिटल सॅम्पल वाजवणारं पहिलं ड्रम मशीन. त्यात क्रॅश आणि राईड या झांजा नव्हत्याच. तेव्हा मेमरी इतकी महाग होती की लांब घुमणारा आवाज साठवणं परवडत नव्हतं. आज मेमरी स्वस्त आहे, म्हणून टूनट्रॅक कंपनीच्या सुपीरिअर ड्रमर 3 या ड्रम सॉफ्टवेअरची मूळ लायब्ररी 230 जीबीच्या वर जाऊ शकते. ती मोठी आहे कारण तिच्यात खूप माइक आणि खूप खोल्या आहेत. तुमच्या गाण्यात त्यातले किती माइक उघडे राहणार, हा प्रश्न विकत घेण्याआधी स्वतःला जरूर विचारा.

चला, चाचणी करू. डीएडब्ल्यू, म्हणजे तुमचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, उघडा आणि माझ्याबरोबर करा.

पहिली सोपी आहे, ती आत्ताच ऐकलीत: एकाच वेलॉसिटीवर सोळा ठोके. वेलॉसिटी 100 ठेवा.

दुसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. स्नेअरचे वीसेक ठोके लिहा आणि वेलॉसिटी 1 पासून 127 पर्यंत चढवत न्या. आता आवाज किती मोठा होतो ते ऐकू नका, आवाजाचा पोत बदलतो का ते ऐका. खऱ्या स्नेअरवर हळू ठोका मारला की खालच्या तारांची सळसळ जास्त जाणवते आणि वरची चमक कमी असते. जोरात मारला की कडकडाट येतो, शिवाय कातडं ताणलं जाऊन सूर क्षणभर वर चढतो आणि खाली येतो. स्वस्तातल्या बऱ्याच किटमध्ये जोरदार ठोक्याचाच आवाज कमी करून हळू ठोका बनवलेला असतो. तो लगेच कळतो: लांबून कोणीतरी जीव तोडून वाजवतंय असं वाटतं. आणि चढत जाताना एखाद्या ठिकाणी आवाजाने एकदम उडी मारली, तर तिथे दोन लेअरची शिवण उघडी पडली आहे.

[ऑडिओ: चढत्या वेलॉसिटीचा स्नेअर, आधी कमकुवत किट, मग चांगला]

यावर एवढा वेळ का घालवतोय? कारण ताल चालतो तो घोस्ट नोट्सवर. मुख्य ठोक्यांच्या मधले ते अगदी हलके, जवळजवळ पुटपुटल्यासारखे ठोके. वेलॉसिटी 20 ते 40 मध्ये ज्या किटकडे खरं रेकॉर्डिंग नाही, त्याच्यावर तुम्ही कितीही छान ग्रूव्ह लिहा, तो चालणार नाही.

तिसरी चाचणी हाय-हॅटची. उघडा ठोका द्या आणि लगेच बंद ठोका. उघड्या आवाजाची शेपटी तिथेच तुटायला हवी. पुढे, पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा यांच्या मधल्या किती अवस्था आहेत ते मोजा. रॉकमध्ये अर्धवट उघडा, सळसळणारा हॅटच सगळा जोर देतो, आणि मोफत किट बहुतेक इथेच कमी पडतात.

शेवटी सगळे माइक बंद करून फक्त ओव्हरहेड सुरू ठेवा. एवढ्यावरच एका खोलीत एक सेट वाजतोय असं वाटलं, तर किट उत्तम रेकॉर्ड झालाय.

एक दक्षता घ्या. दोन किटची तुलना करताना आधी त्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणा. जो मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो, भल्याभल्या कानांचं असं होतं. म्हणूनच कंपनीच्या डेमोवर विसंबू नका. तिथे गिटार, बेस आणि तयार मिक्स असतो.

आता नावं. सर्वांत आधी घरातच बघा, म्हणजे तुमच्या डीएडब्ल्यूमध्ये. गॅरेजबँडमध्ये 'ड्रमर' नावाची सोय आहे. लॉजिक प्रोमध्ये ड्रम किट डिझायनर आहे, त्यातले प्रोड्युसर किट वापरलेत तर माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर मिळतात. क्युबेसबरोबर ग्रूव्ह एजंट एसई येतो. अनेकांनी हे कधी नीट उघडूनच बघितलेलं नसतं.

मोफतमध्ये, पटकन डेमो गाणं करायचं असेल तर एमटी पॉवर ड्रम किट 2. लहान, हलका, जुन्या संगणकावरही चालतो. त्याचा आवाज आधीच मिक्स केल्यासारखा तयार आहे. रॉक-पॉपमध्ये हे सोयीचं, पण मऊ, मोकळं काही करायचं असेल तर तोच तयारपणा आड येतो. स्टीव्हन स्लेट ड्रम्स 5.5 ची मोफत आवृत्तीही त्याच घराण्यातली: ठसठशीत, पुढे येणारा आवाज. स्पिटफायर ऑडिओच्या लॅब्स संग्रहातला ड्रम्स त्याच्या उलट, नैसर्गिक आणि संयमी.

पण मला मनापासून जवळचा वाटतो तो ड्रमगिझ्मो. हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. त्याचा डीआरएस किट 13 स्वतंत्र चॅनलवर मिळतो, आणि त्यावर आधी कसलीही प्रक्रिया केलेली नाही. किकच्या माइकमध्ये स्नेअर ऐकू येतो, स्नेअरमध्ये हॅट. खऱ्या स्टुडिओतून सेशन हातात यावं तसं. सुरुवातीला हा आवाज फिका वाटतो, आणि तिथेच बरेच जण त्याला सोडून देतात. सोडू नका. इक्यू (जाड-बारीक सुरांचा समतोल), कॉम्प्रेशन (आवाजाचा चढ-उतार आवरणं), फेज (वेगवेगळ्या माइकमधल्या ध्वनिलहरींचा मेळ) हे सगळं ड्रमवर शिकायचं असेल तर याच्यासारखं साधन विकतही सहज मिळत नाही.

जॅझसाठी व्हर्च्युऑसिटी ड्रम्स बघा. तो सीसी0 परवान्यावर आहे, म्हणजे वापरावर व्यावहारिक बंधन नाही. सॅलमँडर ड्रमकिटही जुना आणि विश्वासू. हे एसएफझेड स्वरूपातले किट सफोर्झांडोसारख्या मोफत प्लेअरमध्ये उघडतात. एसएफझेडची एक गंमत म्हणजे ती साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा. कोणत्या वेलॉसिटीपासून कोणत्या वेलॉसिटीपर्यंत कोणता आवाज वाजणार, ते आत लिहिलेलं असतं. लेअर किती आणि पर्याय किती, तुम्हीच मोजू शकता.

पैसे मोजायचे झाले तर आधी छुपा खर्च पाहा. लायब्ररी स्वस्त दिसते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "पूर्ण कॉन्टॅक्ट आवश्यक". कॉन्टॅक्ट म्हणजे अशा लायब्ररी वाजवणारं विकतचं सॉफ्टवेअर. मोफत कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये अशी लायब्ररी 15 मिनिटं डेमोसारखी चालते आणि थांबते. पूर्ण कॉन्टॅक्टची किंमत धरली की ती स्वस्त उरत नाही. तसंच टूनट्रॅकचे ईझेडएक्स विस्तार एकटे चालत नाहीत, त्यांना ईझेडड्रमर किंवा सुपीरिअर लागतो. एक्सएलएनच्या अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स 2 मध्ये हवा तेवढाच किट निवडून घेता येतो, म्हणून बेताच्या खिशाला मी आधी तो सुचवतो. ब्रशने वाजवलेला स्नेअर किंवा हाय-हॅटच्या भरपूर अवस्था यांसाठी पैसे देणं मला योग्य वाटतं. आणखी एक रॉक किट म्हणून देणं नाही.

आणि परवाना वाचा. सर्वसाधारणपणे तुमच्या गाण्यात आवाज वापरायला मोकळीक असते, पण सुटी सॅम्पल पुढे वाटायला मनाई असते. श्रेय द्यायची अट असेल तर गाण्याच्या माहितीत एक ओळ लिहा.

जाता जाता एक कामाची सवय: ताल नेहमी जनरल मिडीच्या, म्हणजे सर्वमान्य ठरलेल्या, क्रमांकांवर लिहा. किक 36, स्नेअर 38, बंद हॅट 42, उघडा हॅट 46. मग किट बदलला तरी ग्रूव्ह पुन्हा लिहावा लागत नाही. फक्त वेलॉसिटी नव्या किटप्रमाणे जुळवून घ्या, कारण एका किटवर 90 म्हणजे मध्यम ठोका असतो, तर दुसऱ्यावर तोच रिमशॉट (कड्यासकट मारलेला कडक ठोका) होऊन बसतो.

पुढच्या व्हिडिओत डीआरएस किटचे तेराही ट्रॅक उघडू, आणि स्नेअरच्या खालच्या माइकची फेज उलटवल्यावर काय होतं तिथून मिक्स सुरू करू. तोवर किट डाउनलोड करून ठेवा, फाइल मोठी आहे.