रिकाम्या खुर्च्यांचं न्यायालय

नमस्कार, श्रोतेहो.

11 फेब्रुवारी 2011 ची रात्र. आपल्याकडे साडेनऊ वाजून गेले होते. जेवणं आटोपून आम्ही घरातले सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. कैरोत इजिप्तचे उपाध्यक्ष ओमर सुलेमान उतरलेल्या चेहऱ्याने पडद्यावर आले, जेमतेम अर्धा मिनिट बोलले, आणि होस्नी मुबारक यांची जवळजवळ तीस वर्षांची सत्ता संपली. तहरीर चौकातून उठलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. माझेही डोळे भरून आले होते.

त्या रात्री आम्ही एक गोष्ट धरूनच चाललो होतो की हुकूमशहा गेला, म्हणजे आता लोकशाही येणार. अरब देशांतल्या जनउठावांतून खरोखर उदारमतवादी लोकशाही उभी राहते का, हा आजचा विषय आहे.

पुढे काय झालं ते आपण बातम्यांत पाहिलं. लिबियात गद्दाफी मारला गेला आणि देश सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. येमेन युद्धात होरपळला. सीरियात दरा गावच्या शाळकरी मुलांनी भिंतीवर घोषणा लिहिल्या, तिथून पेटलेली आग राष्ट्राध्यक्ष असद पळून जाईपर्यंत, म्हणजे डिसेंबर 2024 पर्यंत, जळत राहिली. बहारीनमध्ये नोकरीला असलेल्या आपल्याकडच्या मंडळींना मनामातला मोत्याचा चौक आठवत असेल. मार्च 2011 मध्ये सरकारने निदर्शकांना हुसकावलं आणि मागोमाग तो मोत्याचा उंच स्तंभच पाडून टाकला. ज्या पाचशे फिल्सच्या नाण्यावर त्याचं चित्र होतं, ते नाणंसुद्धा चलनातून काढून घेतलं. सुदानमध्ये 2019 साली लोकांनी राष्ट्राध्यक्ष बशीर यांना घालवलं, अडीच वर्षांत लष्कराने सत्ता बळकावली, आणि 2023 पासून तिथे दोन सेनापतींच्या भांडणात खेडीच्या खेडी उजाड होत आहेत.

हे सगळं पाहून पुष्कळ जण म्हणतात, अरबांना लोकशाही मानवतच नाही. मला हे मुळीच मान्य नाही, आणि असं कुणी म्हटलं की रागही येतो. कारण माझ्यासमोर ट्युनिशिया आहे.

ट्युनिशियाच्या आतल्या भागात सीदी बूझीद नावाचं गाव आहे. राजधानीपासून लांब, शेतीवर जगणारं. तिथे मोहम्मद बुआझीझी हा सव्वीस वर्षांचा तरुण हातगाडीवर फळं विकायचा. 17 डिसेंबर 2010 ला पालिकेच्या माणसांनी त्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला. हातगाडीवाल्याचा काटा नेला की त्या दिवसाचा धंदा बुडाला, हे आपल्या कुठल्याही बाजारपेठेत उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तो दाद मागायला सरकारी कचेरीत गेला, तिथे कुणी भेटलं नाही. कचेरीच्या दारातच त्याने स्वतःला पेटवून घेतलं. पुढे अठ्ठावीस दिवसांत, तेवीस वर्षं राज्य केलेले बेन अली विमानात बसून सौदी अरेबियाला पळाले.

इथवरची गोष्ट इजिप्तसारखीच आहे. फरक नंतर पडला. ट्युनिशियाचं लष्कर लहान आणि बराकीत राहणारं. इजिप्तचं लष्कर सिमेंट बनवतं, शेवया बनवतं, बाटलीबंद पाणी विकतं, पेट्रोल पंप चालवतं. एवढा पसारा असणारं लष्कर सत्ता सहजासहजी कशी सोडेल? आणि ट्युनिशियात 1946 पासूनची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही दहा वर्षं आधीची कामगार महासंघटना होती, गावोगाव शाखा असलेली. 2013 मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून पडले आणि देश फुटायच्या बेतात आला, तेव्हा ही संघटना, उद्योजकांचा महासंघ, मानवी हक्क संघटना आणि वकिलांची संघटना, अशा चौघांनी सगळ्या पक्षांना एका टेबलाशी बसवलं. एन्नाहदा या इस्लामी पक्षाकडे सर्वांत जास्त जागा होत्या, तरी त्याने राज्यघटनेत शरियतचा आग्रह सोडला आणि जानेवारी 2014 मध्ये आपणहून सरकारही सोडलं. 216 पैकी 200 मतांनी घटना मंजूर झाली. तिने माणसाला विवेकाचं आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं, निवडून येणाऱ्या सभागृहांत स्त्रीपुरुष समानतेसाठी झटण्याचं बंधन राज्यावर घातलं. त्या चौघांना 2015 चं शांततेचं नोबेल मिळालं. अरबांना लोकशाही मानवत नाही म्हणणाऱ्यांनी हे एवढं तरी वाचावं.

मग माशी शिंकली कुठे? महागाई, बेकारी, दहा वर्षांत नऊ पंतप्रधान, ही कारणं आहेतच. पण मला आज एका गोष्टीपाशी जरा थांबायचं आहे, कारण तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

नव्या घटनेत एका घटनात्मक न्यायालयाची, म्हणजे कायदे आणि सत्ताधाऱ्यांचे निर्णय घटनेला धरून आहेत का हे पाहणाऱ्या न्यायालयाची तरतूद होती. बारा न्यायाधीश, चार संसदेने निवडायचे, चार न्यायाधीशांच्या नेमणुका पाहणाऱ्या न्यायमंडळाने, चार राष्ट्राध्यक्षांनी. 2014 च्या निवडणुकीनंतर वर्षभरात ते उभं राहायला हवं होतं. संसदेत दोन तृतीयांश मतं लागत, म्हणजे 145. प्रत्येक पक्षाला आपला माणूस हवा, दुसऱ्याचा नको. वर्षामागून वर्षं मतदान होत राहिलं आणि संसदेच्या वाट्याच्या चारांपैकी एकच खुर्ची भरली. न्यायालय उभं राहिलंच नाही. पुढे 2021 मध्ये नियम सैल करायचा कायदा संसदेने केला, तर राष्ट्राध्यक्ष काइस सईद यांनी मुदत केव्हाच टळली म्हणून सही नाकारली.

सईद हे घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक. 2019 मध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आलेले. 25 जुलै 2021 ला त्यांनी घटनेच्या ऐंशीव्या, म्हणजे आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन पंतप्रधानांना काढलं आणि संसद गोठवली. त्या कलमात लिहिलं होतं की अशा काळात संसद चालूच राहिली पाहिजे. तीस दिवसांनंतर ही आणीबाणी चालू ठेवायची का, हे न्यायालयाला विचारता येईल. विचारणार कुणाला? न्यायालयच नव्हतं. त्या रात्री संसदेचे अध्यक्ष, ऐंशी वर्षांचे रशीद घन्नूशी, फाटकाशी आले. आत सैनिक उभे होते. त्यांनी फाटक उघडलं नाही. आणि शहरात लोक गाड्यांचे हॉर्न वाजवत आनंद साजरा करत होते, कारण कोविडने आणि भांडखोर पुढाऱ्यांनी ते विटून गेले होते. मी त्या लोकांना दोष देत नाही.

पुढे सईद यांनी न्यायमंडळ बरखास्त केलं, सत्तावन्न न्यायाधीशांना घरी पाठवलं, स्वतः नवी घटना लिहिली. 2022 च्या अखेरीला संसदेची निवडणूक झाली तेव्हा मतदान 11 टक्क्यांच्या आसपास. घन्नूशी तुरुंगात गेले.

इजिप्तमध्येही गाडी याच जागी घसरली होती. मोर्सी हे खुल्या निवडणुकीत निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष, पण नोव्हेंबर 2012 मध्ये त्यांनी फर्मान काढलं की माझे निर्णय न्यायालयाला तपासता येणार नाहीत. रस्ते पुन्हा भरले. सात महिन्यांत लष्कराने त्यांना उचललं आणि ऑगस्ट 2013 मध्ये कैरोच्या राबिया चौकात सुरक्षा दलांनी एका दिवसात त्यांच्या शेकडो समर्थकांना गोळ्या घातल्या. तेव्हा त्यांच्या बाजूने उभं राहील असं न्यायालयही उरलं नव्हतं.

उठाव माणूस बदलतो, निवडणूकही मिळवून देतो. पण उदारमतवादी लोकशाहीत निवडून आलेल्याला ‘साहेब, इथे थांबा’ म्हणणारं कुणीतरी लागतं. ते चौकात उभं राहत नाही. समित्यांत, मतदानाच्या कंटाळवाण्या फेऱ्यांत, नेमणुकांच्या यादीत उभं राहतं, आणि तिथे कॅमेरे नसतात. ट्युनिशियाच्या पुढाऱ्यांना सहा वर्षं मिळाली होती. त्यांनी ती घालवली, याचं मला फार वाईट वाटतं.

11 मे 2024 ला, शनिवारी, तोंडं झाकलेले पोलिस ट्युनिसमधल्या वकिलांच्या संघटनेच्या इमारतीत घुसले आणि टीव्हीवरच्या एका शेऱ्यासाठी वकील सोनिया दहमानी यांना ओढून घेऊन गेले. नोबेल मिळालेल्या चौघांतलीच ही संघटना. सोमवारी तिने देशभर संप पुकारला, आणि काळे झगे घातलेले वकील रस्त्यावर उतरले.

नमस्कार.