फीत कापून झाल्यावर

समाजकार्य शिकणाऱ्या तुमच्यापैकी काही जण उद्या माझ्यासारखे सीएसआर सल्लागार, म्हणजे कंपन्यांचा समाजासाठीचा पैसा कुठे लावायचा हे सुचवणारे, होतील, म्हणून एका बंद दारापासून सुरुवात करतो.

एका जिल्हा परिषद शाळेत आम्ही मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून घेतलं होतं. टाइल्स, आरसा, भिंतीवर कंपनीचा फलक, सगळं चोख. वर्षाने पुन्हा गेलो, तर दाराला कुलूप. मुख्याध्यापकांनी किल्ली आणली. आत मोडकी बाकं रचलेली. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "सर, फेब्रुवारीत बोअर आटतं. महिनाभर पोरींनी घरून बाटलीतून पाणी आणलं. मग आम्हीच बंद केलं." अहवालात त्या कामापुढे 'पूर्ण' असं लिहिलं होतं. तो अहवाल माझा होता.

१ एप्रिल २०१४ ला कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा असला तरी कंपनी त्यात येते, आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्चायचे असतात. सुरुवातीला नियम ढिला होता: खर्च झाला नाही, तर कारण द्या. जानेवारी उजाडला की आमचे फोन वाजायचे, "मार्चअखेर एवढे पैसे लावायचेत, चांगली संस्था सुचवा." आम्ही सुचवायचो. गावात कोणी काय मागितलं, हे विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती, आम्हालाही नाही.

जानेवारी २०२१ च्या नियमांनी हे बरंच बदललं. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत खर्चायची सोय झाली. माझ्या मते आमच्या कामाला खरं वळण इथे मिळालं, कारण आता "एक उन्हाळा जाऊ द्या, मग ठरवू" असं कंपनीला सांगता येतं. प्रकल्पाच्या परिणामाचं मूल्यमापनही सक्तीचं झालं, तेही काम संपून किमान वर्ष झाल्यावर. मात्र ते मोठ्या कंपन्यांना, आणि १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना. आमचं ते स्वच्छतागृह या नियमात कधीच बसलं नसतं.

म्हणून आम्ही स्वतःसाठी एक नियम केला: काम कितीही लहान असो, वर्षाने जायचं, आणि जायचं ते उन्हाळ्यात. पावसाळ्यानंतर गेलात तर प्रत्येक नळाला पाणी दिसतं. या फेरीचे पैसे कुठून, यावर दर बैठकीत वाद होतो. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, तिचा आधार घेऊन फेरी कापली जाते. तिथे मी अडून बसतो. तुम्हीही बसा.

त्या शाळेच्या छतावरचं पाणी आता बोअरशेजारच्या पुनर्भरण खड्ड्यात जातं. सफाई करणाऱ्या बाईंचं मानधन तीन वर्षांसाठी प्रकल्पातच धरलंय. बोअर मार्चअखेरपर्यंत पुरतं. एप्रिलमध्ये टँकर लागतो, आणि किल्ली सातवीच्या मुलींकडे असते.